एकोणतीस विरुद्ध एकवीस : शिकागोच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौराची गोष्ट

एप्रिल 1964 मध्ये माल्कम एक्स यांनी क्लीव्हलँडच्या एका चर्चमध्ये एक भाषण केलं. ‘मतपत्रिका की बंदुकीची गोळी’ या अर्थाच्या नावाने ते आजही ओळखलं जातं. आपल्याकडे माल्कम एक्स म्हटलं की त्यांची हजयात्रा आठवते. ती यात्रा या भाषणानंतर काहीच दिवसांनी झाली. भाषणाची चर्चा होते ती मात्र त्यातल्या ‘गोळी’मुळे. मला त्यातला ‘मतपत्रिका’ हा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचा मुद्दा साधा होता. गोऱ्यांची मतं दोन पक्षांत जवळपास सारखी विभागली जातात, तेव्हा कोण सत्तेवर येणार हे काळ्यांची मतं ठरवतात. ती मतं एकाच पक्षाला फुकट देऊन टाकली, तर त्यांची किंमत कुणी का द्यावी?

त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर 1967 मध्ये, त्याच क्लीव्हलँडने कार्ल स्टोक्स यांना महापौर म्हणून निवडलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्याच दिवशी इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या शहरात रिचर्ड हॅचर निवडून आले. 1973 मध्ये लॉस एंजेलिस, अटलांटा आणि डेट्रॉइट ही तिन्ही शहरं एकाच वर्षात कृष्णवर्णीय महापौरांकडे गेली. पण गॅरीला जवळजवळ खेटून असलेल्या शिकागोला 1983 पर्यंत थांबावं लागलं. 1980 च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती आणि त्यात सुमारे 40 टक्के लोक कृष्णवर्णीय होते. संख्या होती, मतदानाचा हक्कही होता. दक्षिणेकडच्या राज्यांसारखं शिकागोत कुणी मतदान केंद्रावर लाठ्या घेऊन उभं नव्हतं. मग इतका उशीर का? आणि ज्यांनी शेवटी हे करून दाखवलं, त्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचं पुढे काय झालं?

‘काळ्यांना प्रतिनिधित्व नव्हतं’ असं उत्तर कुणी दिलं तर ते चूक ठरेल. प्रतिनिधित्व होतं, आणि भरपूर होतं. विल्यम डॉसन 1943 पासून 1970 पर्यंत शिकागोच्या दक्षिण भागातून अमेरिकन संसदेवर निवडून येत होते. 1960 च्या दशकात नगरपरिषदेत सहा कृष्णवर्णीय नगरसेवक होते. लोकांनी त्यांचं नाव ‘मूक सहा’ असं ठेवलं होतं, यातच सगळं आलं.

त्या काळातलं शिकागो ज्या यंत्रणेवर चालायचं, तिला तिथे सरळ ‘मशीन’ म्हणत. 1955 ते 1976 अशी एकवीस वर्षं महापौर राहिलेले रिचर्ड जे. डेली तिचे चालक. तिची रचना आपल्याला परकी वाटणार नाही. प्रत्येक वस्तीत एक बूथप्रमुख. तो कुणाच्या घरचा नळ दुरुस्त करून द्यायचा, कुणाच्या मुलाला पोलिसांतून सोडवून आणायचा, कुणाला महापालिकेत चिकटवायचा. मतदानाच्या दिवशी तो हिशेब वसूल करायचा. पालिकेच्या हजारो नोकऱ्या पक्षाच्या हातात होत्या. नोकरी टिकवायची तर मतं आणून द्यायची. 1963 च्या निवडणुकीत गोऱ्यांची बहुसंख्य मतं डेलींच्या विरोधात गेली. ते निवडून आले ते कृष्णवर्णीय वस्त्यांच्या जोरावर. आणि बदल्यात त्या वस्त्यांना काय मिळालं? स्टेट स्ट्रीटच्या कडेने ओळीत उभ्या केलेल्या सोळा मजली 28 इमारती. रॉबर्ट टेलर होम्स त्यांचं नाव. गरीब काळ्यांनी काळ्यांच्याच वस्तीत, आकाशाच्या दिशेने राहावं, अशी सोय. 1966 मध्ये मार्टिन लूथर किंग घरांच्या प्रश्नावर शिकागोत आले, तेव्हा मार्केट पार्क भागातल्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला.

या शहरात मुस्लीम वाचकाच्या ओळखीचं आणखी एक नाव आहे. नेशन ऑफ इस्लामचं मुख्यालय शिकागोच्याच दक्षिण भागात होतं. इलायजा मुहम्मद तिथूनच संघटना चालवायचे. दुकानं, बेकऱ्या, शाळा, वर्तमानपत्र असं बरंच काही त्यांनी उभं केलं. संघटनेच्या अकीद्यावर आपले मतभेद असतील, माझेही आहेत, पण व्यसनात आणि तुरुंगात गेलेल्या माणसांना तिने उभं केलं, हे नाकारता येत नाही. मात्र इलायजा मुहम्मद यांच्या काळात अनुयायांनी अमेरिकन निवडणुकांपासून लांब राहावं, अशी भूमिका होती. म्हणजे एका बाजूला मशीनला डोळे झाकून मत देणारे आणि दुसऱ्या बाजूला मतच न देणारे. डेलींना दोन्ही सोयीचेच होते.

वॉशिंग्टन बाहेरून आलेले क्रांतिकारक नव्हते. ते या मशीनच्याच घरात वाढले. जन्म 15 एप्रिल 1922, शिकागो. वडील रॉय वॉशिंग्टन वकील, धर्मोपदेशक आणि पक्षाचे बूथप्रमुख. मुलगा ज्या शाळेत शिकला तिचं नाव ड्यू साब्ल. शिकागोच्या जागी पहिली कायमची वस्ती करणारा व्यापारी म्हणून ज्या माणसाला मान दिला जातो, तो जाँ बाप्तिस्त प्वाँ ड्यू साब्ल स्वतः काळा होता! काळ्या माणसाने वसवलेल्या शहराला काळा महापौर मिळायला दोनशे वर्षं लागली. असो. वॉशिंग्टन यांनी दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये सैन्याच्या अभियंता तुकडीत काम केलं, परत येऊन रूझवेल्ट कॉलेजमधून पदवी घेतली, नॉर्थवेस्टर्नमधून 1952 मध्ये वकील झाले. वडील गेल्यावर त्यांची पक्षातली जागा मुलाकडे आली. त्यांचे वरिष्ठ होते राल्फ मेटकाफ, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरे आलेले धावपटू.

1965 पासून वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळात होते. मशीनचे आमदार, पण मधूनच मशीनच्या विरोधात मत देणारे. किंग यांच्या जन्मदिवसाची सुट्टी इलिनॉय राज्याने 1973 मध्ये मंजूर केली, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. त्यांच्यावर एक डागही होता. काही वर्षं त्यांनी प्राप्तिकराचं विवरणपत्रच भरलं नाही. रक्कम किरकोळ होती, पण गुन्हा सिद्ध झाला आणि 1972 मध्ये महिनाभराहून थोडी जास्त कैद झाली. पुढे विरोधकांनी हे प्रकरण प्रत्येक निवडणुकीत बाहेर काढलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी लपवलं नाही.

मशीनला पहिला तडा पोलिसांमुळे गेला. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पोलिसांनी ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला त्याच्या अंथरुणात गोळ्या घातल्या. (आपल्याकडे 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते याच संघटनेचं.) त्या छाप्यामागचे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहॅन मशीनचे लाडके होते. 1972 मध्ये ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा नेहमी मशीनच्या बाजूने पडणारी कृष्णवर्णीय मतं फिरली आणि ते एका रिपब्लिकन उमेदवाराकडून हरले. त्याच वर्षी पोलिसी अत्याचाराच्या प्रश्नावर मेटकाफ यांनीही डेलींशी फारकत घेतली. मत देण्याआधी अट घालता येते, हे तिथे पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं असावं.

डिसेंबर 1976 मध्ये डेली वारले. नगरपरिषदेचे हंगामी अध्यक्ष होते विल्सन फ्रॉस्ट नावाचे कृष्णवर्णीय नगरसेवक. नव्या निवडीपर्यंत कारभार आपल्याकडे यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मशीनने ते मानलं नाही. मायकल बिलँडिक यांना खुर्चीवर बसवलं आणि फ्रॉस्ट यांची समजूत वित्त समितीच्या अध्यक्षपदावर काढली. 1977 च्या पोटनिवडणुकीत वॉशिंग्टन पहिल्यांदा महापौरपदासाठी उभे राहिले. मतं मिळाली 11 टक्क्यांच्या आसपास.

1979 मध्ये हिमवादळात शहर अडकलं, बिलँडिक यांची नाचक्की झाली आणि जेन बर्न निवडून आल्या. त्यात कृष्णवर्णीय मतांचा मोठा वाटा होता. 1982 मध्ये याच बर्नबाईंनी सरकारी घरांच्या मंडळावरचे कृष्णवर्णीय सदस्य काढून गोरे नेमले. त्या घरांत राहणारे बहुतेक सगळे काळे! त्या उन्हाळ्यात पालिकेच्या संगीत महोत्सवावर बहिष्कार पडला आणि मग मतदार नोंदणीची लाट आली. वॉशिंग्टन तेव्हा संसदेत होते आणि त्यांना ती जागा सोडायची फारशी हौस नव्हती. आधी पन्नास हजार नवे मतदार नोंदवून दाखवा, पैसा उभा करा, मग बघू, असं त्यांनी गळ घालणाऱ्यांना सांगितलं. बेकारी भत्त्याच्या रांगांत, सरकारी मदत कार्यालयांच्या दारात, चर्चच्या पायऱ्यांवर कार्यकर्ते अर्ज घेऊन बसले. केसांची उत्पादनं बनवणाऱ्या एडवर्ड गार्डनर या उद्योजकाने जाहिरातींचा खर्च उचलला. नवे मतदार लाखाच्या वर गेले.

मला या सगळ्या गोष्टीतला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. उमेदवाराने लोकांना गोळा केलं नाही. लोकांनी आधी मतदारयादी तयार केली आणि मग उमेदवाराला उभं केलं.

22 फेब्रुवारी 1983 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत तीन उमेदवार होते. बर्न, जुन्या डेलींचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली, आणि वॉशिंग्टन. गोरी मतं दोघांत फुटली आणि वॉशिंग्टन 36 टक्क्यांवर जिंकले. शिकागोत एरवी डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की निवडणूक संपलेलीच असे. या वेळी तसं झालं नाही. रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन हे तसे मवाळ, ज्यू वकील. त्यांच्यामागे एका रात्रीत हजारो गोरे डेमोक्रॅट उभे राहिले. जाहिरातीतली ओळ होती, उशीर होण्याआधी एप्टनना मत द्या. कसला उशीर, ते सांगायची गरज नव्हती. मार्चअखेरीला वॉशिंग्टन आणि माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल एका कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेला गेले, तेव्हा बाहेरच्या जमावाने इतकी हुर्यो उडवली की त्यांना लवकर निघावं लागलं. चर्चच्या दारावर वर्णद्वेषी मजकूर खरडलेला होता. त्याची दृश्यं देशभर दिसली आणि काही गोऱ्या मतदारांना आपल्याच माणसांची लाज वाटली.

12 एप्रिलला तेरा लाखांच्या आसपास मतं पडली. वॉशिंग्टन सुमारे 48 हजारांनी निवडून आले. कृष्णवर्णीय मतं जवळपास सगळी त्यांना मिळाली, पण तेवढ्याने भागलं नसतं. सरोवराकाठच्या उदारमतवादी गोऱ्यांनी आणि मेक्सिकन-प्वेर्तो रिकन वस्त्यांनी तोल फिरवला. फेब्रुवारीत लॅटिनो मतदारांपैकी थोडेच त्यांच्याबरोबर होते; एप्रिलमध्ये बहुसंख्य आले. त्या वस्त्यांत ज्याने हे काम केलं तो तरुण कामगार संघटक रूडी लोसानो. त्याच जूनमध्ये त्याचा त्याच्या घरात गोळ्या घालून खून झाला.

इथे एक खुलासा हवा. आपल्या शहरांतला महापौर म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष. खरा कारभार आयुक्तांच्या हातात असतो. शिकागोचा महापौर हा स्वतःच कारभारी असतो, पण अंदाजपत्रक, नेमणुका आणि समित्या यांना पन्नास नगरसेवकांच्या परिषदेची मंजुरी लागते. 2 मे 1983 ला परिषदेची पहिली बैठक झाली. वॉशिंग्टन यांनी ती तहकूब केली आणि ते निघून गेले. नगरसेवक एडवर्ड व्हर्डोलियाक आणि एडवर्ड बर्क यांनी मागे राहिलेल्यांना घेऊन बैठक पुढे चालवली आणि सगळ्या समित्या वाटून घेतल्या. त्यांच्या बाजूला 29 : अठ्ठावीस गोरे आणि एक लॅटिनो. महापौरांच्या बाजूला 21 : सोळा कृष्णवर्णीय आणि पाच गोरे. महापौरांचा नकाराधिकार मोडायला 34 मतं लागायची, ती 29 जणांकडे नव्हती. महापौरांना काही मंजूर करून घ्यायला बहुमत लागायचं, ते त्यांच्याकडे नव्हतं. तीन वर्षं असंच चाललं. ॲरन फ्रीमन नावाच्या विनोदवीराने ‘स्टार वॉर्स’ची नक्कल करून याला ‘कौन्सिल वॉर्स’ नाव दिलं. वॉल स्ट्रीट जर्नलने शिकागोला सरोवरकाठचं बैरूत म्हटलं. (बैरूतमध्ये तेव्हा माणसं मरत होती, ही उपमा सुचणाऱ्याला ती सहज सुचली असणार.)

या कोंडीत वॉशिंग्टन यांनी काय केलं? परिषदेशिवाय जे करता येत होतं ते केलं. पालिकेची कागदपत्रं नागरिकांना पाहता यावीत, असा आदेश काढला. अंदाजपत्रकाच्या सुनावण्या वस्त्यांमध्ये नेल्या. 1985 च्या पहिल्या आदेशाने पालिका कर्मचाऱ्यांनी लोकांना परदेशी असण्याचे कागद विचारायचे नाहीत, असं ठरलं. दुसऱ्या आदेशाने कंत्राटांतला किमान 25 टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या आणि 5 टक्के स्त्रियांच्या व्यवसायांना राखला गेला. आणि 1983 मध्येच त्यांनी आणखी एक सही केली होती. मायकल शॅकमन नावाच्या वकिलाने 1969 मध्ये मशीनच्या नोकरभरतीविरुद्ध दावा लावला होता. त्या दाव्यात वॉशिंग्टन यांनी न्यायालयासमोर मान्य केलं की पालिकेत राजकीय निष्ठा पाहून नोकरी दिली जाणार नाही. त्यांच्याच समर्थकांपैकी अनेकांना हे रुचलं नाही. इतकी वर्षं ताट दुसऱ्यांच्या हातात होतं, आता आपली पाळी आली तर तुम्ही ताटच उचलून ठेवता? ही तक्रार मला अगदीच चुकीची वाटत नाही. भुकेलेल्याला पंगत बंद करण्याचं तत्त्वज्ञान सांगणं अवघड असतं. तरी त्यांनी सही केली.

कोंडी सुटली ती न्यायालयात. 1981 मध्ये प्रभागरचना करताना कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्या अशा कापल्या होत्या की त्यांची संख्या वाढूनही जागा वाढू नयेत. प्रभागाच्या सीमारेषेचं राजकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. संघराज्याच्या न्यायालयाने ही रचना बदलायला लावली आणि 1986 मध्ये सात प्रभागांत फेरनिवडणूक झाली. 29 एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत प्वेर्तो रिकन वंशाचे लुईस गुटिएरेझ जिंकले, आणि परिषद 25-25 झाली. बरोबरीत निर्णायक मत महापौरांचं. तीन वर्षांनंतर त्यांच्या हातात खरा कारभार आला.

एप्रिल 1987 मध्ये ते दुसऱ्यांदा निवडून आले. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. त्या शरद ऋतूत शिक्षकांचा संप 19 दिवस चालला. सरकारी घरांची अवस्था त्यांच्या काळातही दयनीयच राहिली. रॉबर्ट टेलर होम्समधल्या बाईला महापौर आपला झाला म्हणून लिफ्ट चालू मिळाली नाही. पण आता रस्त्यांना, पदपथांना, वस्त्यांच्या कामांना पैसा लागू लागला होता, आणि विरोधकांकडे मतं उरली नव्हती.

25 नोव्हेंबर 1987. कार्यालयात बसल्या जागी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय 65. वजन फार वाढलेलं आणि काम कधी न थांबणारं. अंत्यदर्शनासाठी लोक थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहिले.

आठवडाभरात, 1 डिसेंबरच्या संध्याकाळी, परिषद वारसदार निवडायला बसली. वॉशिंग्टन यांच्या बाजूने सभागृह सांभाळणारे टिमथी एव्हन्स हे त्यांच्या समर्थकांचे उमेदवार. विरोधी गटाने मात्र गोरा उमेदवार दिलाच नाही. त्यांनी युजीन सॉयर यांना पुढे केलं. सॉयर कृष्णवर्णीय होते, सौम्य स्वभावाचे होते आणि त्या 21 जणांपैकीच एक होते. बाहेर हजारोंचा जमाव घोषणा देत होता. प्रेक्षागारातून लोक नोटा फडकवत होते, सौदा झालाय असं सांगायला. सॉयर तासन्‌तास डळमळत राहिले. बैठक सुरू व्हावी म्हणून एक नगरसेवक टेबलावर चढून ओरडत होता. पहाटे चारच्या सुमारास मतदान झालं. सॉयर यांना 29 मतं पडली. पुन्हा तोच आकडा! त्यातली बहुतेक मतं वॉशिंग्टन यांना तीन वर्षं अडवणाऱ्या गटाची होती, आणि थोडी कृष्णवर्णीय नगरसेवकांची.

शिकागोला दुसरा कृष्णवर्णीय महापौर मिळाला, आणि पहिल्याने उभी केलेली आघाडी त्याच रात्री फुटली. सॉयर वाईट कारभारी नव्हते. भेदभावाविरुद्धचा व्यापक मानवी हक्क कायदा त्यांच्याच काळात मंजूर झाला. पण निवडणारे हात बदलले होते. 1989 मध्ये सॉयर पक्षांतर्गत निवडणुकीत रिचर्ड एम. डेलींकडून हरले. एव्हन्स वॉशिंग्टन यांच्या नावाचा वेगळा पक्ष काढून उभे राहिले आणि तेही हरले. धाकटे डेली मग 22 वर्षं महापौर होते, वडिलांपेक्षा एक वर्ष जास्त.

याची जबाबदारी काही अंशी वॉशिंग्टन यांच्याकडेही जाते, असं माझं मत आहे. मशीन नको हे त्यांना नक्की ठाऊक होतं. तिच्या जागी कायमची संघटना कोणती, हे त्यांनी ठरवलंच नाही. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गोरे उदारमतवादी यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे ते स्वतः. वीस वर्षं महापौर राहणार, असं ते हसत म्हणायचे आणि लोकांनी ते खरं धरलं होतं.

नगरपरिषदेत जे त्यांच्या हातून निसटलं, त्यातलं बरंच त्यांच्या सहीच्या कागदांत टिकलं. कागद न विचारण्याचा आदेश पुढच्या महापौरांनी रद्द केला नाही. नंतर तो नगरपरिषदेचा कायदाच झाला. शॅकमन दाव्यातल्या सहीमुळे पालिकेची नोकरभरती न्यायालयाच्या नजरेखाली राहिली. 2006 मध्ये धाकट्या डेलींच्या कार्यालयातला रॉबर्ट सॉरिच हा अधिकारी मुलाखतींचे गुण बनावट करून पक्षाच्या माणसांना नोकऱ्या दिल्याबद्दल दोषी ठरला. न्यायालयाची ही देखरेख 2014 मध्ये उठली. व्हर्डोलियाक 2008 मध्ये एका जमीनव्यवहारातल्या फसवणुकीत गुन्हा कबूल करून बसले. बर्क 2023 पर्यंत, म्हणजे 54 वर्षं, नगरसेवक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना लाचखोरी आणि खंडणीच्या प्रकरणात दोषी धरलं. जून 2024 मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली.